वेंगुर्ल्याकडचे एक लग्न आणि आम्ही चौघे

गुरुवार : पुणे, आजरा, आंबोली, वेंगुर्ले

लग्नाचे फोटो काढणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे तुळशीचे लग्न झाले की आमच्या घरातली सुट्टी संपते. ज्या तारखांना नातेवाइकांकडे कार्ये असतात, त्याच तारखांना मी कोणा परक्याच्या मांडवात उभी असते. चुलत दिराच्या लग्नाला सासूबाई आणि मुलगी दोघीच गेल्या होत्या आणि ते प्रकरण घरात अजून मिटलेले नाही. त्यामुळे गेल्या डिसेंबरात वेंगुर्ले तालुक्यातल्या एका लग्नाचे काम आले, तेव्हा या वेळी सगळ्यांनीच जायचे, असे मी ठरवले. नवरा बँकेतली नोकरी सांभाळून माझा दुसरा कॅमेरा चालवतो, म्हणून तो येणारच होता. सासूबाईंचे माहेर कुडाळजवळचे, त्यामुळे त्यांना आग्रह करावा लागला नाही. मुलीच्या शाळेत रीतसर अर्ज दिला. घाटाची वळणे सोसत नाहीत म्हणून सासरे तेवढे पुण्यात राहिले.

निपाणीपर्यंत हमरस्ता आणि तेथून उत्तूर, आजरा, आंबोली असा आमचा मार्ग होता. आजऱ्याला सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली, दुकानात जाऊन घनसाळ तांदळाचे चार दाणे तळहातावर चोळून हुंगले आणि मगच दहा किलोचे पोते घेतले. दिव्यांच्या पिशव्यांमुळे डिकीत जागा उरली नव्हती, तेव्हा ते पोते पुढचे सगळे दिवस मुलीच्या पायाशी राहिले. आंबोलीत बोचरा वारा होता. तेथे चहा घेतला आणि उजेड असतानाच घाट उतरलो. तासाभरात हवा इतकी बदलली की सासूबाईंनी शाल काढून ठेवली आणि नवऱ्याने गाडीतला एसी लावायला हात पुढे केला, तो मी अडवला.

हे कॅमेरा घेऊन कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. थंड गाडीतून किंवा एसीच्या खोलीतून लेन्स दमट हवेत काढली की काचेवर बाष्प धरते आणि ते आपोआप जाईपर्यंत काही करता येत नाही. कापडाने पुसले तरी पुन्हा धरते. पिशवी न उघडता अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवावी, सिलिका जेलच्या पुड्या ताज्या असाव्यात आणि मुक्कामी शक्यतो पंख्याच्या खोलीत सामान ठेवावे.

ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या काकूंकडे त्या रात्री मासे मिळतील या आशेवर नवरा पुण्यापासून होता. पण मार्गशीर्षातला गुरुवार होता, त्यांच्याकडे महालक्ष्मीचा घट मांडलेला होता आणि सासूबाईंचेही तेच व्रत. तेव्हा काळ्या वाटाण्याची उसळ, भात, सोलकढी आणि तांदळाची खीर असे जेवण झाले. दोन अनोळखी बायका एकाच व्रताच्या निमित्ताने पहिल्या घासापासून माहेरच्या गावांची उजळणी करू लागल्या. त्यातून तिसऱ्या पिढीतले एक दूरचे नाते निघालेच.

शुक्रवार : माटव आणि हळद

मंगल कार्यालयातली लग्ने मी पुष्कळ केली आहेत. तेथे उजेड, वेळ आणि गर्दी या तिन्ही गोष्टी सारख्याच असतात. हे लग्न वधूच्या घराच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात होते. पोफळीच्या खांबांवर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घालून माटव, म्हणजे मांडव, उभा केला होता. सकाळी मुहूर्तमेढीनंतर गावातल्या एका वृद्ध मानकऱ्याने गाऱ्हाणे घातले. देवाला हाक मारून, घरातल्या प्रत्येकाचे नाव घेऊन, कार्य निर्विघ्न पार पाड असे तो मागत होता आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेली माणसे ‘होय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देत होती. गाऱ्हाण्यात सगळ्यांच्या माना खाली असतात, त्यामुळे उभ्याने काढलेल्या फोटोत नुसते टाळूच दिसतात. मी खळ्यात मांडी घालून बसले. तेवढ्याने चेहरेही मिळाले आणि मी उगाच मध्ये लुडबुडते आहे ही भावनाही गेली.

घाणा भरताना दोन मुसळांना आंब्याची पाने बांधून उखळात हळकुंडे कुटायची आणि बायकांनी गाणी म्हणायची, एवढे मला ठाऊक होते. सासूबाई पाहुण्या म्हणून कडेला बसल्या होत्या. एका गाण्याची तिसरी ओळ तिथल्या बायकांनी वेगळी म्हटली, तेव्हा त्यांना राहवले नाही. आमच्याकडे असे नाही म्हणत, असे त्या मोठ्याने बोलल्या. मग त्यांना मुसळ धरायला उठवण्यात आले, त्यांच्या गावची ओळ म्हणवून घेण्यात आली, आणि पुढचा तासभर कुडाळकडची आणि वेंगुर्ल्याकडची गाणी आळीपाळीने चालली. हा जुगलबंदीचा तास माझ्या कामाच्या यादीत कोठेच नव्हता, पण वधूला पुढे सर्वांत जास्त आवडलेले फोटो त्यातलेच आहेत.

संध्याकाळी हळद सुरू झाली आणि वीज गेली. माझ्याकडे बॅटरीवर चालणारे दिवे होते, तरी ते थेट माणसांवर रोखले की हळदीचा रंग विटकरी होतो. म्हणून एकच दिवा चुन्याने रंगवलेल्या भिंतीकडे वळवला आणि भिंतीवरून परतलेल्या मऊ उजेडात बहुतेक काम उरकले. वीज आल्यावर माटवातल्या रंगीत एलईडी माळा पेटल्या, तेव्हा खरी कटकट सुरू झाली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे अशा दिव्यांच्या उजेडात शटरचा वेग फार वाढवला तर फोटोवर आडवे पट्टे उमटतात. १/५० किंवा १/१०० वर राहावे, रंगाचे तापमान स्वयंचलित न ठेवता हाताने ठरवावे, म्हणजे पिवळ्याचा पिवळाच राहतो. हौशी मंडळींनी भावंडांच्या हळदीत एवढे केले तरी पुरे.

रात्री उद्याच्या कामाची वाटणी करताना मी नेहमीप्रमाणे नवऱ्याला नवरदेवाच्या बाजूला आणि स्वतःला वधूच्या बाजूला ठेवले होते. सासूबाई आमचे बोलणे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, आणि मुलीच्या आईचा फोटो कोण काढणार? ती तिथे नसणारच.” लग्न लागताना मुलीची आई अंतरपाटापाशी थांबत नाही, तुळशीला पाणी घालत बसते, ही रीत मला माहीत होती. पण बहुतेक कार्यालयांत आया आता सरळ व्यासपीठावर उभ्या असतात आणि या घरात काय होणार, हे मी विचारले नव्हते. सकाळी वधूच्या आईला विचारले, तर त्यांना प्रश्नाचेच नवल वाटले. मी तुळशीकडेच असणार, त्यात विचारायचे काय, असा त्यांचा सूर होता.

शनिवार : लग्न

मुहूर्त दुपारी बाराच्या थोडा पुढचा होता. सूर्य डोक्यावर आला की झापांच्या फटींतून उन्हाचे कवडसे पडतात. डोळ्यांना ते सुंदर दिसतात, पण फोटोत वधूच्या अर्ध्या गालावर पांढरा डाग आणि उरलेल्या गालावर काळोख असा प्रकार होतो. सकाळीच वधूच्या काकांना विनंती करून बोहल्याच्या वरच्या झापांवर दोन पांढऱ्या चादरी पसरून घेतल्या. काका स्वतः शिडीवर चढले आणि उतरल्यावर मला म्हणाले, “फोटो बरे येऊक होये हां!”

भटजींशी मी आदल्या दिवशीच बोलून ठेवते आणि ही सवय प्रत्येक छायाचित्रकाराने लावून घ्यावी. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी यांतला कोणता विधी ते सावकाश करतात आणि कोणता झटपट उरकतात, हे आधी कळले की जागा ठरवता येते. ‘गुरुजी, तेवढे पुन्हा एकदा’ असे म्हणण्याची वेळ येत नाही, आणि ते म्हणूही नये. हे गुरुजी होमात तुपाची धार मोठी धरणारे निघाले, म्हणून वाऱ्याची दिशा पाहून आम्ही दोघांनी धुराची बाजू सोडली.

वधू पिवळ्या साडीत गौरीहरापाशी बसली, मामा तिला घेऊन निघाला, अंतरपाट धरला गेला. तेथपर्यंतचे फोटो काढून मी नवऱ्याला खूण केली आणि मागच्या दारी गेले. माझ्या आजवरच्या कामात अंतरपाट दूर होण्याचा क्षण मी दुसऱ्यावर कधी सोपवला नव्हता, आणि पाय अडखळले हे खरे. पण नवऱ्याकडे दोन कॅमेरे होते, एकात रुंद आणि दुसऱ्यात लांब लेन्स, आणि प्रत्येक कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरत होता.

मागच्या अंगणात वृंदावनापाशी वधूची आई तांब्या घेऊन बसली होती. शेजारी तिची धाकटी जाऊ होती. दहा पावलांवर चुलवणावरून भाताचे टोप उतरवले जात होते आणि आचारी एकमेकांवर ओरडत होते. मंगलाष्टके कर्ण्यावरून ऐकू येत होती. प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या ‘सावधान’ला ती तुळशीच्या मुळाशी थोडे पाणी घालत होती आणि तांब्या संपत आला तसे घालायचे पाणी कमी कमी करत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ८५ मिमीच्या लेन्सने, आवाज न करणाऱ्या शटरवर, मोजकेच फोटो काढले. तिला माझी उपस्थिती ठाऊक होती, पण तिने एकदाही वर पाहिले नाही. अक्षता पडल्याचे पुढच्या वाजंत्रीवरून कळले. तिने उरलेले पाणी एकदम ओतले, पदर सारखा केला आणि जावेला विचारले, “पंगत कधी बसतली?”

पंगतीत केळीच्या पानावर वडे, काळ्या वाटाण्याचे सांबार, भात-डाळ, बटाट्याची भाजी, लोणचे, शिरा आणि सोलकढी होती. जेवणाऱ्यांचे फोटो काढू नयेत, तोंडात घास असलेला फोटो कोणालाच आवडत नाही, वाढणाऱ्यांचे काढावेत. ते वाकतात, आग्रह करतात, कोणाच्या तरी पानावर हट्टाने वडा टाकतात. आमचे स्वतःचे जेवण हा एरवी करारातला एक मुद्दा असतो. छायाचित्रकारांना भुकेले ठेवणारी लग्ने मी पाहिली आहेत, म्हणून तो लेखी असलेला बरा. येथे मात्र वधूच्या आजीने माझ्या हातातला कॅमेरा धरूनच ठेवला. “आधी जेवा, मगे फोटो,” असे म्हणून ती मला पाटावर बसवेपर्यंत हलली नाही. मुलगी तोवर करवल्यांच्या टोळीत सामील होऊन नवरदेवाच्या चपला लपवण्याच्या कटात गुंतली होती. वधूच्या भावाने कानपिळीला नवरदेवाचा कान जरा जास्तच मन लावून पिळला. त्या फोटोत नवरदेवाचा चेहरा असा आला आहे की अल्बममध्ये तो घ्यावा की नाही यावर दोन्ही घरांत नंतर मतभेद झाले.

पाठवणीनंतर मुक्कामी येऊन पहिले काम केले ते फोटोंच्या प्रती करण्याचे. कार्डे रिकामी करायची नाहीत, दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती घ्यायच्या आणि त्या दोन डिस्क एका पिशवीत ठेवायच्या नाहीत, हा आमच्या घरचा नियम आहे. एक नवऱ्याच्या पाठपिशवीत गेली आणि दुसरी सासूबाईंच्या पर्समध्ये, कुंकवाच्या डबीशेजारी. चोरीला गेलीच तर पर्स शेवटी जाईल, असे त्यांचे म्हणणे आहे.

रविवार : शिरोडे, आरवली आणि रात्रीची जत्रा

सकाळी उशिरा उठलो. काकूंनी नवऱ्याचा गुरुवारचा चेहरा लक्षात ठेवला होता. न्याहारीला घावणे आणि दुपारी बांगड्याचे तिखले, तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके असा बेत झाला. या भागात घरगुती ठिकाणी जेवायचे असेल तर आदल्या रात्री सांगावे लागते, कारण मासे सकाळी बाजारात जे येतात त्यावर ठरते. रोख पैसे जवळ असू द्यावेत, आडबाजूला मोबाइलला रेंज नसते.

दुपारनंतर शिरोड्याच्या मिठागरांकडे गेलो. मे १९३० मध्ये येथे मिठाचा सत्याग्रह झाला. मुलीच्या पुस्तकात दांडीचे चित्र आहे, शिरोड्याचे नाही. त्यामुळे आपल्याकडेही असे झाले हे तिला खरे वाटेना. उथळ वाफ्यांमधल्या पाण्यात आभाळ उतरले होते आणि बगळे फिरत होते. मी फक्त मोबाइलवर दोन फोटो काढले. सुट्टीच्या दिवशी मोठा कॅमेरा गळ्यात आला की मुलगी माझ्याशी बोलायचे थांबवते, हे मला आता कळते.

आरवलीच्या वेतोबाच्या देवळात नवदांपत्य दर्शनाला येणार होते. वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. रात्री गावाची राखण करत फिरून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. देवळात कॅमेरा नेला नाही. तेथून सगळे समुद्रावर गेलो. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, म्हणजे मऊ उजेडाचा काळ साधारण पाचला सुरू होतो. फोटोसाठी येणाऱ्यांनी साडेचारलाच किनाऱ्यावर असावे. अशा वेळी ‘हिकडे बघा, तिकडे बघा’ असे सांगत राहणे मला आवडत नाही. दोघांना नुसते चालायला सांगितले आणि कालच्या लग्नात काय काय चुकले ते एकमेकांना सांगा, असे सुचवले. कानपिळीचा विषय निघताच पुढचे काम आपोआप झाले.

ड्रोनबद्दल विचारणा पुष्कळ होते, म्हणून लिहिते. चिपी-परुळे येथे ऑक्टोबर २०२१ पासून विमानतळ सुरू आहे आणि विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत ड्रोनवर कमी-अधिक निर्बंध असतात. उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर नेमके ठिकाण तपासावे. मालवण-वेंगुर्ले पट्ट्यात ‘येथे कोण पाहते’ ही वृत्ती महागात पडू शकते.

रात्री काकूंच्या यजमानांनी शेजारच्या गावच्या जत्रेला नेले. कार्तिक-मार्गशीर्षात या भागातल्या देवळांच्या जत्रा असतात आणि जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक होते, ज्याला गावात ‘धयकालो’ म्हणतात. नाटक मध्यरात्रीच्या सुमारास सुरू झाले, पण मी त्याआधीच पडद्यामागे जाण्याची परवानगी मिळवली होती. नट एका हातात छोटा आरसा धरून दुसऱ्या हाताने स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवत होते. मी वर्षभर वधूंच्या खोल्यांमध्ये मेकअप होताना पाहते. चार-चार माणसे एका चेहऱ्याभोवती असतात. येथे राणीची भूमिका करणारा नट ओठ रंगवता रंगवता शेजाऱ्याला भाताच्या मळणीबद्दल विचारत होता आणि त्याचा हात कोठेही चुकत नव्हता. लिखित संवाद नसतात. कथा ठरते, भूमिका वाटल्या जातात आणि बोलणे रंगमंचावर सुचेल तसे. नाटकातला राक्षस संकासुर आला तेव्हा मुलगी आजीच्या मांडीत लपली, मग त्याच्या बोलण्यावर हसून हसून बसती झाली आणि दोनला झोपली. सासूबाई पहाटेची दहीहंडी फुटेपर्यंत जाग्या होत्या.

सोमवार : पिंगुळी आणि माहेर

कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. ती जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीत एका कथेच्या चित्रांचा संच असतो, त्याला पोथी म्हणतात. दोन-दोन चित्रे पाठीला पाठ चिकटवलेली असतात आणि गायक एकेक चित्र पुढे धरून कथा गातो. प्रत्येक चित्रात किती थोडे दाखवले आहे आणि किती गाण्यावर सोडले आहे, ते मी बराच वेळ पाहत राहिले. लग्नाच्या हजारो फोटोंतून अल्बमसाठी दीडशे निवडताना मी नेमकी उलटी चूक करत आले आहे. सगळेच दाखवण्याचा मोह सुटत नाही. मुंबईहून येणाऱ्यांना कुडाळ स्टेशनवरून पिंगुळी अगदी जवळ आहे. कोकणकन्या, मांडवी, तुतारी या गाड्या कुडाळला थांबतात.

दुपारी सासूबाईंच्या भावाकडे, म्हणजे नवऱ्याच्या मामांकडे गेलो. जेवणानंतर मामींनी काळ्या कागदांचा, फोटोंच्या कोपऱ्यांना त्रिकोणी खिसे चिकटवलेला एक अल्बम आणला. सासूबाईंचे लग्न १९७४ चे. सावंतवाडीहून स्टुडिओवाला एसटीने आला होता आणि त्याने एक रोल वापरला होता. १२० च्या रोलवर चौकोनी फोटो फक्त बारा निघतात. अल्बममध्ये दहा आहेत, दोन बिघडले असावेत. दहापैकी दोन त्याने रुखवतावर खर्च केले आहेत, यावरून त्या काळी रुखवताचा मान केवढा होता ते कळते. फोटो चांगले आहेत, मी व्यावसायिक नजरेनेच सांगते. फ्लॅश बाजूने धरला आहे, चेहऱ्यांना गोलाई आहे, आणि खुर्च्यांवर बसवलेल्या मोठ्या गटात एकाचेही डोळे मिटलेले नाहीत. बाराच फोटो असताना हे साधणे सोपे नाही.

मी अल्बम दुसऱ्यांदा चाळला आणि सासूबाईंना त्यांच्या आईचा फोटो दाखवा म्हटले. त्या म्हणाल्या, “ती कुठे आहे यात? ती मागे होती, आणि मग पंगतींना लागली.” नवऱ्याने ही गोष्ट आयुष्यात प्रथमच ऐकली. मामांनी मात्र भिंतीवरचा एक फोटो काढून आणला. तो आजींच्या उतारवयातला, रेशनकार्डासाठी काढलेल्या फोटोवरून मोठा केलेला होता. त्यावरून मामा आणि सासूबाई यांच्यात, आई जास्त कोणासारखी दिसायची, हा वाद चहा गार होईपर्यंत चालला.

निघताना मामांनी विषय काढलाच. त्यांच्या मुलीचे लग्न मे महिन्यात आहे आणि घरचीच छायाचित्रकार असताना बाहेरचा कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी त्यांना सावंतवाडीतल्या एका ओळखीच्या छायाचित्रकाराचे नाव सुचवले आणि मी पाहुणी म्हणून येईन असे सांगितले. सासूबाईंनी तेथल्या तेथे अट घातली की कॅमेरा पुण्यात राहील. नवऱ्याने निदान एक लहानसा तरी आणू, असा प्रयत्न करून पाहिला.

मंगळवारी त्याच वाटेने परतलो. सावंतवाडीला चितारआळीत मुलीसाठी लाकडी भाजी आणि फळे घेतली, आणि आजऱ्यापर्यंत गाडीत कॅमेऱ्याबद्दलची बोलणी सुरूच होती. शेवटी एक कॅमेरा, एक लेन्स, आणि तोही फक्त मागच्या अंगणात, एवढ्यावर सासूबाई राजी झाल्या आहेत.